‘पडून राहू दे त्याला’ : एका दयाळू सल्ल्याचे खंडन

लॅब्रॅडॉर आठ-नऊ वर्षांचा झाला, सोफ्यावर चढण्याआधी थबकू लागला, सकाळी उठल्यावर मागचे पाय आखडल्यासारखे टाकू लागला, की घरात एक वाक्य सुरू होते : ‘वय झालं त्याचं, पडून राहू दे त्याला.’ शेजारी तेच सांगतात, सोसायटीच्या बागेत भेटणारे इतर श्वानमालक तेच सांगतात, आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवरही औषधांच्या खाली पुष्कळदा एकच शब्द असतो : विश्रांती. किती दिवस, कशा प्रकारची, कशासाठी, याचा उल्लेख नसतो. या सल्ल्याला कुणी हरकत घेत नाही, कारण तो दयेच्या वेषात येतो. दुखऱ्या जिवाला चालायला लावणारा निर्दय आणि त्याला गादीवर झोपू देणारा प्रेमळ, अशी वाटणी आपण मनात आधीच करून ठेवलेली असते.

माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. सांध्यांच्या जुनाट झिजेने लंगडणाऱ्या कुत्र्याला बेमुदत विश्रांती देणे हा उपचार नव्हे. तो आजाराला लावलेला हातभार आहे. अशा कुत्र्याला मोजून-मापून दिलेली हालचाल हवी असते, रोज, आणि आयुष्यभर. श्वानांची फिजिओथेरपी किंवा पुनर्वसन-चिकित्सा म्हणून जे शास्त्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभे राहिले, त्याचा गाभा एवढाच आहे. या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात कोर्व्हॅलिसला भरली, आणि २०१० मध्ये अमेरिकेत पशुवैद्यकातली स्वतंत्र विशेषशाखा म्हणून याला मान्यता मिळाली. आपल्याकडे मात्र अजून ‘कुत्र्याला कसली फिजिओथेरपी?’ असे म्हणून लोक हसतात.

आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो अगदीच टाकाऊ नाही. त्याचे म्हणणे असे. वेदना ही शरीराने दिलेली सूचना आहे. पाय टेकू नये असे कुत्र्याचे शरीरच त्याला सांगते. आपण मध्ये पडणारे कोण? दुसरे, झिजलेली वस्तू जास्त वापरली तर जास्त झिजणार, हे शाळकरी पोरालाही कळते. तिसरे, गावाकडची, रस्त्यावरची कुत्री कधी कुठल्या फिजिओकडे गेली? गाडीखाली पाय गमावलेले कुत्रेसुद्धा तीन पायांवर मजेत हिंडते. आणि चौथा मुद्दा, जो खरे तर पहिला आहे पण तोंडावर बोलला जात नाही : काचेच्या टाकीतले ट्रेडमिल, लेसर, चुंबकीय गाद्या हे सगळे ज्यांच्याकडे पैसा उतू जातो त्यांचे चोचले आहेत.

झिजेचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. यंत्राचा सुटा भाग वापराने झिजतो आणि न वापरता ठेवला तर जसाच्या तसा राहतो. जिवंत सांध्याचे तसे नसते. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. तिचे पोषण होते ते सांध्यातल्या बुळबुळीत द्रवातून. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते आणि तिच्यातला द्रव बाहेर पडतो. पाय उचलला की ती तो पुन्हा शोषून घेते. भांडी घासायचा स्पंज पाण्यात दाबावा-सोडावा तसे हे अखंड चालते. चालणे थांबले की ही देवघेवही मंदावते आणि कूर्चेची उपासमार सुरू होते. म्हणजे ‘वापरू नको, टिकेल’ हा न्याय इथे लागूच पडत नाही.

याचा पुरावा माणसांवरून उचलून कुत्र्यांना चिकटवलेला नाही. तो मुळात कुत्र्यांच्याच गुडघ्यांतून आला. फिनलंडमधल्या कुओपिओ इथल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात बीगल जातीच्या तरुण कुत्र्यांवर प्रयोगांची एक मालिकाच केली. काहींचा मागचा पाय अकरा आठवडे बांधून ठेवला. त्या गुडघ्यातली कूर्चा मऊ पडली आणि तिला दाब सोसण्याचे बळ देणारे घटक घटले. काहींना रोज चार किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस, पंधरा आठवडे पळवले. त्यांची कूर्चा जाड झाली. पुढे अंतर वाढवून रोज वीस किलोमीटरवर नेले, तेव्हा मात्र काही भागांत तेच घटक पुन्हा घटलेले दिसले. शून्य हालचाल वाईट, माफक हालचाल चांगली, बेसुमार हालचाल पुन्हा वाईट. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात बीगलांना अंगावर वजनदार जाकिटे चढवून ट्रेडमिलवर चालवले होते, तेही ५२७ आठवडे, म्हणजे दहा वर्षे. शेवटी तपासले तर त्यांच्या गुडघ्यांत झीज नव्हती. या मुक्या जिवांना कुणी विचारले नव्हते, हे खरेच. निदान त्यांच्या गुडघ्यांनी जे शिकवले ते त्यांच्या जातभाईंच्या वाट्याला तरी यावे.

पूर्वपक्ष म्हणेल, ते गुडघे निरोगी होते; आमच्या मोतीचा खुबा आधीच गेलेला आहे. आक्षेप रास्त आहे, म्हणून बिघडलेल्या सांध्यांकडे येऊ. गुडघ्यातला अस्थिबंध तुटणे हे मोठ्या कुत्र्यांच्या लंगडण्याचे एक मुख्य कारण. अशा ५१ कुत्र्यांच्या शस्त्रक्रियेनंतरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ठरवून दिलेला व्यायाम आणि पोहणे, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे हालचालीवर बंदी. सहा महिन्यांनी जमिनीवर पायाचा दाब मोजणाऱ्या यंत्रावरून दोन्ही गटांना चालवले, तेव्हा व्यायाम केलेली कुत्री शस्त्रक्रिया झालेल्या पायावर सरस भार देत होती. दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात यंत्र नाही, दवाखाना नाही. सांधे झिजलेल्या दहा लॅब्रॅडॉरांच्या मालकांना पाय हळूहळू ताणायला शिकवले. त्यांनी घरी, दिवसातून दोनदा, २१ दिवस ते केले. सांध्यांची हलण्याची कक्षा मोजता येईल इतकी वाढली. दहा ही संख्या लहान आहे आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हे मी लपवत नाही. पण ‘झिजलेला सांधा आता हलायचा नाही’ या ठाम विधानाला तडा द्यायला ती पुरेशी आहे.

मग विश्रांतीची ही श्रद्धा आली कुठून? तिचा इतिहास पाहण्याजोगा आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले शल्यविशारद जॉन हिल्टन यांची व्याख्याने १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि पुढे ‘रेस्ट अँड पेन’ या नावाने वैद्यकाच्या कैक पिढ्यांनी वाचली. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस, ज्यांच्या नावाची पट्टी आजही मोडक्या मांडीला बांधतात, ते तर विश्रांती सक्तीची आणि अखंड असावी अशा मताचे. हे लोक चुकत होते का? मुळीच नाही. त्यांच्यासमोर येणारे सांधे क्षयाने सडलेले असत. प्रतिजैविके नव्हती. तशा सांध्याला हलवणे म्हणजे जंतूंना रान मोकळे करून देणे. त्या काळात, त्या आजाराला, विश्रांती हाच उत्तम उपाय होता. पुढे आजार बदलला, औषधे आली, पण चिठ्ठीवरचा शब्द तसाच राहिला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराच्या रुग्णांना अंथरुणाऐवजी खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यावरही निर्दयतेचा आरोप झाला. टोरँटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७०च्या दशकात सशांच्या सांध्यांवर दाखवून दिले की इजा झालेली कूर्चा प्लॅस्टरमध्ये बांधून ठेवण्यापेक्षा सतत हलती ठेवली तर जास्त चांगली भरून येते. आज गुडघा बदललेल्या आजोबांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात आणि घरातले कुणी ब्र काढत नाही. त्याच घरातला कुत्रा मात्र अजून १८६३ साली राहतो.

आता वेदनेचा मुद्दा. वेदना ही सूचना आहे, हे ताज्या इजेपुरते खरे. काच रुतली, हाड मोडले, तर शरीराचे ऐकावे. जुनाट झिजेत वेदना आपले काम संपवूनही घरात ठाण मांडून बसते आणि तिच्यामुळे एक दुष्टचक्र सुरू होते. दुखते म्हणून कुत्रा पाय वाचवतो, वाचवलेल्या पायाचे स्नायू वाळतात, स्नायू वाळले की सांध्याचा आधार जातो, आधार गेला की जास्त दुखते. निरोगी कुत्र्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर आणि चाळीस टक्के मागच्या दोन पायांवर असतो. खुबे दुखू लागले की तो आणखी भार पुढे ढकलतो.

हे घरबसल्या दिसते. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरला उभे करा आणि वरून पाहा. खांदे पैलवानासारखे रुंद झालेले असतात, छाती भरलेली असते, आणि कमरेपासून मागे सगळे निमुळते होत गेलेले असते. मग मागे बसून दोन्ही मांड्या दोन हातांच्या पंजांत धरा. निरोगी मांडी घट्ट भरते. दुखऱ्या बाजूची मांडी हाताला रिकामी लागते, हाड चटकन सापडते. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर एकाच उंचीवर मोजला तर फरक आकड्यात मिळतो. मागच्या पंज्यांची नखे वरच्या बाजूने घासलेली असतात, कारण पाय पुरता उचलला जात नाही. उठताना तो आधी पुढचे पाय रोवतो आणि धड ओढून घेतो. जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकतो, सशासारखे. आणि या सगळ्यात तो एकदाही ओरडत नाही. ‘ओरडत नाही म्हणजे दुखत नसेल’ हे पूर्वपक्षाचे पोटवाक्य आहे. त्याची वासलात लावायला एवढे निरीक्षण पुरे.

वेदनेचे उत्तर म्हणजे ती सोसून चालवणे, असे कुणी समजू नये. आधी वेदना आटोक्यात, मग व्यायाम, हा क्रम ठरलेला आहे. पशुवैद्यकाने दिलेली वेदनाशामके आणि फिजिओथेरपी या एकमेकांच्या सवती नाहीत. औषधाने जी उसंत मिळते ती स्नायू बांधायला वापरायची असते. इथे एक सूचना केल्याशिवाय पुढे जाववत नाही. घरातल्या कपाटातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी अर्धी करून कुत्र्याला देऊ नका. त्याच्या पोटात व्रण होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे जातात. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे; कुत्र्यांच्या पोटाची मात्र बातमी झाली नाही.

तिसरा मुद्दा गावाकडच्या कुत्र्यांचा. हा मुद्दा पूर्वपक्षाने आणला, पण साक्षीदार माझ्या बाजूचा निघाला. गावातले कुत्रे सडपातळ असते, दिवसभर हिंडते, शेतातल्या मातीवर चालते, आणि आठवडाभर झोपून रविवारी एकदम दहा किलोमीटर पळत नाही. म्हणजे फिजिओथेरपिस्ट जे सांगतो ते सगळे ते फुकटात करत असते. लातूरकडचा पश्मी कुत्रा पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. त्याच्या बरगड्या मोजता येतात आणि तो त्याचा आजार नसतो. शिवाय या कुत्र्यांतली किती बारा-तेरा वर्षांची होतात? झिजेचे वय यायच्या आधीच वाहने आणि रोग त्यांना गाठतात. आणि तीन पायांचे जे आपल्याला दिसते ते जगलेले असते. ज्याला जमले नाही ते दिसत नाही.

सडपातळपणाचा विषय निघाला आहे, तर तिथे थोडे थांबू, कारण या सगळ्या शास्त्रातला सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचाही नाही, तो भाकरीचा आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात लॅब्रॅडॉरची ४८ पिल्ले घेतली, एकाच वेतातली दोन-दोन पिल्ले जोडीला लावली. जोडीतल्या एकाला जेवढे अन्न, दुसऱ्याला त्याहून पंचवीस टक्के कमी. एवढाच फरक, आणि तो आयुष्यभर पाळला. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले, जास्त खाणाऱ्यांचे ११.२. त्याहून बोलके हे की सांध्यांच्या झिजेवर उपचार सुरू करण्याची वेळ जास्त खाणाऱ्यांवर सुमारे तीन वर्षे आधी आली. कोणतीही गोळी, कोणतेही लेसर याच्या जवळपास जात नाही. आधीच लठ्ठ आणि लंगड्या झालेल्या कुत्र्यांबद्दलचाही एक अभ्यास आहे. वजनात सहा टक्क्यांच्या आसपास घट झाली तेवढ्यावर लंगडण्यात फरक दिसू लागला. चाळीस किलोच्या लॅब्रॅडॉरला म्हणजे अडीच किलो.

अडीच किलो हा आकडा लहान वाटतो, पण मराठी घरात तो उतरवणे सोपे नाही. सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटे, आजीच्या ताटातली तुपाची पोळी, दुपारी दूधभात, संध्याकाळी बाबांच्या वाटीतले शेंगदाणे, आणि प्रत्येकाला वाटते की आपण तर काहीच देत नाही. त्यात लॅब्रॅडॉर मागतो असा की नाही म्हणणाऱ्याला पाप लागावे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की सुमारे पाव लॅब्रॅडॉरांमध्ये भुकेशी निगडित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्यांची भूक भागल्याची जाणीवच अधू असते. म्हणजे डोळ्यांत पाणी आणून जो तुमच्याकडे पाहतो आहे तो उपाशी नाही, कदाचित त्याच्या जनुकात खोट आहे. ‘पडून राहू दे’ आणि ‘खाऊ दे बिचाऱ्याला’ ही दोन वाक्ये एकाच तोंडातून येतात आणि दोन्ही मिळून त्याचे खुबे खातात.

चौथा मुद्दा : चोचले. इथे मी पूर्वपक्षाला बरेच काही देऊन टाकणार आहे. पाण्यातल्या ट्रेडमिलमागचे तत्त्व पक्के आहे. कुत्रा खुब्यापर्यंत पाण्यात उभा राहिला तर त्याच्या पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम ३८ टक्के भार येतो. गुडघ्यापर्यंत पाणी असेल तर ८५ टक्के. म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून भार ठरवता येतो, ही सोय जमिनीवर नाही. पण सोय म्हणजे गरज नव्हे. उत्तर कॅरोलिनातल्या विद्यापीठात मणक्याची चकती सरकून शस्त्रक्रिया झालेल्या तीस कुत्र्यांवर २०१८ मध्ये काटेकोर चाचणी झाली : निम्म्यांना साधा व्यायाम, निम्म्यांना त्यावर पाण्यातल्या ट्रेडमिलसह भरगच्च कार्यक्रम. चालणे परत येण्यात फरक पडला नाही. महागड्या केंद्रांच्या जाहिरातींत हा अभ्यास सापडणार नाही. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या पावडरींचेही तेच. २०२२ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा त्यांचा उपयोग दिसला नाही. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३चा मात्र दिसला. आणि मालकाच्या ‘खूप फरक पडला हो’वर तर कधीच विसंबू नये. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, काहीही औषध नसलेली गोळी खाणाऱ्या कुत्र्यांबद्दल मालकांनी साधारण चाळीस टक्के वेळा ‘सुधारणा आहे’ असे सांगितले, जेव्हा दाब मोजणारे यंत्र तसे काही दाखवत नव्हते. पशुवैद्यकही तितकेच फसले. म्हणून तर टेप हवी, मोजमाप हवे.

पण यंत्रे चोचले ठरली म्हणून शास्त्र चोचले ठरत नाही. पैशाचे म्हणाल, तर पैसा कधीकधी उशीरच विकत घेतो. रतन टाटा यांनी सांगितले होते की सांधा बदलण्यासाठी त्यांना आपला कुत्रा अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात न्यावा लागला, पण तोवर उशीर झाला होता आणि सांधा एका स्थितीत कायमचा पक्का करण्यापलीकडे काही करता आले नाही. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्राणी-रुग्णालयामागे हा अनुभव होता. त्या रुग्णालयाचे स्वागतच आहे. पण पुनर्वसनाचे निम्म्याहून जास्त काम रुग्णालयात होतच नाही. ते दिवाणखान्याच्या फरशीवर होते.

फरशी हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या फ्लॅटमधल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर झिजलेल्या खुब्याचा कुत्रा दिवसातून पन्नास वेळा घसरतो, पडत नाही, नुसता घसरतो, आणि प्रत्येक वेळी मांडीचे स्नायू ताणले जातात. त्याच्या वाटेवर, म्हणजे झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत, खाली रबर असलेल्या मॅट टाका. सतरंजी नको, ती स्वतःच घसरते. पंज्यांच्या गाद्यांमधले केस कापा, नखे कापा. यात एकही यंत्र नाही. पिल्लू घरात आणणाऱ्यांसाठी एक जोड : नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतर करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आढळला, आणि मऊ जमिनीवर मोकळे खेळणाऱ्यांत कमी.

एक व्यायाम जवळून पाहू, म्हणजे ‘कुत्र्याला व्यायाम’ या शब्दांवरचे हसू थांबेल. बसणे आणि उठणे, एवढाच. कुत्र्याला रबरी मॅटवर कोपऱ्यात अशा बेताने उभे करायचे की दुखरा पाय भिंतीच्या बाजूला येईल. दुखऱ्या खुब्याचा कुत्रा बसताना तो पाय बाहेर फेकतो आणि एका ढुंगणावर कलंडतो. भिंत त्याला तसे करू देत नाही. नाकासमोर काकडीचा तुकडा धरून हात हळूच वर-मागे न्यायचा, की मान वर जाते आणि बूड खाली येते. पाय नीट गुडघ्यात दुमडले गेले का ते पाहायचे. मग तुकडा पुढे न्यायचा, की तो उठतो, आणि उठताना पुढच्या पायांनी ओढून न घेता मागच्या पायांनी ढकलायला लागतो. पाच वेळा, बस. दोन-तीन दिवसांनी सहा. ज्या मांडीत काही उरले नव्हते तिथे काही आठवड्यांत हाताला मांस लागू लागते. याच्या जोडीला झाडूच्या दांड्या जमिनीवर ओळीने ठेवून त्यावरून हळू चालवणे, पाय उचलायला भाग पाडणारे. आणि दिवसातून एकदा चाळीस मिनिटे नेण्याऐवजी तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे, पट्ट्यावर, सरळ रेषेत, एका लयीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त आखडला तर काल जास्त झाले. तेवढे कमी करायचे. मात्रा ठरवण्याची सगळी विद्या या एका सकाळच्या निरीक्षणात आहे.

सांध्यांच्या बाहेरही हेच दिसते. उतारवयातला जर्मन शेफर्ड कधी मागचे पाय ओढू लागतो, पंजे उलटे पडू लागतात. मज्जारज्जूच्या या आजारावर औषध नाही. अशा २२ कुत्र्यांच्या नोंदी २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. रोज नेटाने फिजिओथेरपी मिळालेली सरासरी २५५ दिवस जगली, मध्यम मिळालेली १३०, अजिबात न मिळालेली ५५. कोणता मालक मेहनत घेणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते, त्यामुळे आकड्यांतला काही वाटा मालकांच्या जिद्दीचा असणार. तरीही २५५ आणि ५५ यांतले अंतर नुसत्या जिद्दीने भरून निघेल असे मला वाटत नाही.

आता विश्रांतीला तिचा हक्क देऊन टाकतो. डॅशहुंडच्या पाठीत चकती सरकली आणि शस्त्रक्रिया करायची नाही असे ठरले, तर काही आठवडे पिंजऱ्यात कोंडून ठेवणे हाच उपचार. मोडलेले हाड, सांध्यातला संसर्ग, शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस, अचानक भडकलेले दुखणे, इथे विश्रांतीच. अस्थिबंध तुटलेल्या कुत्र्यांवरच्या १९८४ मधल्या एका जुन्या अभ्यासात पंधरा किलोपर्यंतच्या कुत्र्यांपैकी सुमारे ८६ टक्के शस्त्रक्रियेविना बरी किंवा बरीच सुधारली. त्याहून जड कुत्र्यांत मात्र फक्त १९ टक्के. शेजारच्या पामेरियनला विश्रांतीने बरे वाटले म्हणून तुमच्या रॉटवायलरला वाटेल, असे नाही.

आणि प्रत्येक लंगडणे सांध्याच्या झिजेचे नसते. आपल्याकडे गोचीडतापात सांधे सुजतात. मोठ्या जातीच्या वयस्क कुत्र्याचा हाडाचा कर्करोग सुरुवातीला हुबेहूब संधिवातासारखा दिसतो, आणि त्या पायाला मालिश करणे भयंकर ठरू शकते. म्हणून निदान आधी, तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाकडून आणि एक्स-रे काढून. इंटरनेटवर व्यायाम पाहून नव्हे. उत्साहाच्या दुसऱ्या टोकालाही माझी सहानुभूती नाही. सहा दिवस फ्लॅटमध्ये झोपलेल्या दहा वर्षांच्या गोल्डन रिट्रीव्हरला रविवारी सिंहगड चढवणारे आणि मैदानावर शंभर वेळा चेंडू फेकून त्याला गर्रकन वळायला लावणारे मालकही त्याचे सांधेच खातात. बीगलांचे ते वीस किलोमीटर त्यांनी आठवावे.

एवढे सगळे वाचून तुम्ही उद्या कुत्र्याला दवाखान्यात न्याल, तेव्हा दोन गोष्टी बरोबर न्या : घरात तो उठतानाचा, चालतानाचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ, कारण दवाखान्याच्या टेबलावर भीतीने ताठ झालेले कुत्रे लंगडत नाही, आणि दोन्ही मांड्यांच्या घेराचे आकडे. चिठ्ठीवर ‘विश्रांती’ लिहिलेले दिसले तर विचारा, किती दिवस? आणि त्यानंतर कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा? उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या पशुवैद्यकाचे मत घ्या.